हलव्याचा काटा

धारवाडला बर्फ पडत नाही. समुद्रसपाटीपासून साताठशे मीटर उंचीवरचं हे गाव. जानेवारीच्या पहाटे पारा 14-15 अंशांवर आला तरी इथं कानटोप्या बाहेर निघतात. माळमड्डीतल्या तात्यांनी आपली कानटोपी फार उशिरा काढली. कित्येक वर्षं ते उघड्या डोक्यानं साधनकेरीच्या तळ्यापर्यंत, कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरावरून, धुक्यातून चालत जाऊन येत. साठीनंतर स्वेटर आला, सत्तरीला मफलर. यंदा पंचाहत्तरीत गुडघेच नाही म्हणाले. तात्या खिडकीशी घोंगडी पांघरून बसू लागले आणि येईल जाईल त्याच्यापाशी कुरकुरू लागले, "ही थंडी एकदाची कधी जाणार की!"

एका संध्याकाळी सहाला फोन वाजला. मिनियापोलिसला तेव्हा पहाटेचे साडेसहा. आठ वर्षांचा नातू उड्या मारत होता.

"आजोबा, बर्फ! शाळेला सुट्टी!"

त्यानं फोन खिडकीला लावला. बाहेर सगळं पांढरं, आणि गॅरेजपुढच्या वाटेवर दिव्याच्या उजेडात त्याचा बाप वाकून फावड्यानं बर्फ उपसत होता. तिथं बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा फूटपाथ घरमालकानंच मोकळा करायचा असतो. थोड्या वेळानं तो आत आला, हातमोजे काढले. बोटं लालभडक झाली होती.

"बाबाला बर्फ आवडतच नाही," नातू म्हणाला. "पडला की चिडतो."

तात्या हसणार होते, पण त्यांची नजर त्या बोटांवरून हलेना.

"तुझ्या पणजीची गोष्ट सांगू?" त्यांनी विचारलं.

"मी तुझ्याएवढा असताना थंडीची वाट बघायचो. थंडी पडली की घरात संक्रांतीचा हलवा व्हायचा. इथले कन्नड शेजारी त्याला कुसरेळ्ळु म्हणतात. शेगडीत मंद निखारे, वर परात, परातीत तीळ. त्यावर चमचा-चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ सारखे फिरवत राहायचे. एक चमचा सुकला की दुसरा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. दमट हवेत नुसते गुळगुळीत गोळे होतात. कोरडी थंडी असली तरच पाक झटकन सुकतो आणि दाण्याला काटा फुटतो. म्हणून तुझी पणजी पहाटे चारला उठायची, आठ-आठ दिवस. मी सातला गोधडीसकट येऊन बसायचो, तोवर परात पांढरी झालेली असायची. मी नुसतं तोंड उघडायचं. आणि म्हणायचं, आई, थंडी किती छान असते ना! ती म्हणायची, होय की.

"एकदा मला लवकर जाग आली. ती म्हणाली, जरा बस इथं, मी दूध तापवून येते. मी बसलो. पुढं निखारे, मागं उघडं दार. बोटं भाजत होती आणि पाठ काकडत होती. हात मागं घ्यावा तर तीळ करपतात. दहा मिनिटांत मला रडू यायला लागलं. ती आली, माझ्या शेजारी बसली आणि परातीत हात घातला. तेव्हा मी पहिल्यांदा तिची बोटं बघितली. टोकाची कातडी सोलवटून निघाली होती.

"मी विचारलं, आई, तुला थंडी आवडत नाही? ती म्हणाली, आवडायची रे, खूप. तुझ्याएवढी होते तेव्हा. तेव्हा माझी आई उठायची."

पलीकडं फोनवर दोघंही गप्प होते. मग नातवानं विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? परात मला जमण्यासारखी नव्हती. रोज पहाटे उठायचो, तिच्या पाठीवर घोंगडी टाकायचो आणि शेजारी बसायचो."

आठवड्यानं पुन्हा बर्फ पडला आणि मुलाचा फोटो आला. गॅरेजपुढं फावड्याची रुंद वाट, आणि तिच्या कडेनं लाल प्लास्टिकच्या खेळण्यातल्या फावड्यानं काढलेली एक नागमोडी, वीतभर रुंद वाट. खाली त्यानं लिहिलं होतं, 'याच्यामुळं दुप्पट वेळ लागतो. पण आज अंगात थंडी शिरली नाही.'

तात्यांनी फोटो दाखवायला बायकोला, माईंना, हाक मारली. माई स्वयंपाकघरातून आल्या, एक हात भिंतीला धरून, कारण गुडघे त्यांचेही तितकेच जुने होते. दुसऱ्या हातात तात्यांचा चहा होता. रोज पहाटे साडेपाचला खिडकीशी येणारा चहाही असाच, याच हातानं येत होता. तात्यांनी कप घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मुलाला, नातवाला गोष्ट सांगताना ती आपल्या घरात आजही चालू आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला माई उठल्या तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. गॅसवर आधण होतं आणि तात्या कानटोपी घालून आल्याचा तुकडा ठेचत होते.

"झोप की अजून," ते म्हणाले.

माई झोपल्या नाहीत. घोंगडी आणून त्यांनी तात्यांच्या पाठीवर टाकली आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या.