तटस्थ

चेन्नईजवळच्या ओरगडमला तयार झालेले ट्रक श्रीलंकेतही जातात. ते बांधताना निघणारा धूर भारताच्या खात्यावर, तिथे धावताना निघणारा श्रीलंकेच्या. आंतरराष्ट्रीय हिशेब सरहद्दीप्रमाणे होतो. कार्बन-तटस्थतेसाठी श्रीलंकेने २०५० साल ठरवलं आहे, नेपाळने २०४५. भारताने २०२१मध्ये ग्लासगोत २०७० जाहीर केलं. भूतानने तर ६० टक्के भूमी कायम वनाखाली राहील, असं कलमच २००८च्या राज्यघटनेत घातलं. हवा एकच, वायदे वेगळे.

असे मसुदे मराठीत आणताना मी ‘तटस्थ’ या शब्दापाशी अडखळते. तटस्थ म्हणजे काठावर उभा. भांडणात न पडणारा. पण पाणी आधी गाठतं ते काठावरच्यालाच. डिसेंबर २०१५च्या पुरात अडयारकाठच्या वस्त्यांनी हे भोगलं.

ज्यांनी कमी धूर सोडला त्यांनी जास्त मुदत मागावी, हे मला न्याय्य वाटतं. शेजाऱ्याला ट्रक हवेत, हेही खरं. मात्र नफा आपल्या वहीत आणि धूर त्याच्या, हे कायद्यात बसलं तरी मनाला पटत नाही. विकणाऱ्यानेही त्या धुराचा थोडा वाटा उचलायला हवा. याला मराठीत जुना शब्द आहे: शेजारधर्म. त्याचा अनुवाद मला अजून जमलेला नाही.