चारशे गुणांचा फरक

स्विस पद्धतीच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिली फेरी बहुधा विषमच असते. रेटिंगनुसार लावलेल्या यादीचे दोन भाग पाडतात. वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. जळगावच्या एखाद्या खुल्या स्पर्धेत १९०० रेटिंगचा मुरलेला खेळाडू आणि धुळ्याहून पहाटेच्या एसटीने आलेला १५०० चा शाळकरी मुलगा समोरासमोर बसतात ते असे.

हिशेब पाहा. मोठा खेळाडू जिंकला तर त्याला मिळणार जेमतेम दीड गुण, हरला तर जाणार अठराहून जास्त. बरोबरी झाली तरी आठेक गुणांचा फटका. मुलाला मात्र तीच बरोबरी सोळाच्या वर गुण देऊन जाते, कारण अठरा वर्षांच्या आतल्यांचा गुणक दुप्पट. गमवायचं सगळं मोठ्याला, तरी घाम फुटतो मुलाला! जोड्या लागल्या की तो आधी समोरच्याचं रेटिंग बघतो. मग विसाव्या चालीला, एक प्यादं वर असताना, हळूच विचारतो, ‘ड्रॉ?’ समोरचा लगेच हात पुढे करतो. का नाही करणार?

रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची; जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिच्याच हिशेबाने चारशेचा फरक असला तरी शंभर गुणांतले आठ दुबळ्याचे. शिवाय रेटिंगच्या स्पर्धा खेळल्याशिवाय आकडा हलत नाही. पुण्याच्या मुलाला त्या घराजवळ मिळतात. शिरपूर-चोपड्याच्या मुलाला प्रवास, मुक्काम आणि सोबत रजा टाकून आलेले वडील. त्यामुळे खेळ पुढे जातो, आकडा मागे राहतो. माझ्या मते खान्देशातलं १५०० हे पुष्कळदा खेळाचं नव्हे, संधीचं माप असतं.

पण आकडा वरचा म्हणून डाव ठरत नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखला पंधरावं मानांकन होतं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, रेटिंगने ऐंशी गुण वर. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, आणि जलद डावांतला दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. अर्थात तिच्यामागे मोठ्यांशी खेळलेले असंख्य डाव होते. आकड्याची भीती अशा डावांनीच जाते, उपदेशाने नाही.

जळगावने २०१३ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवली, ग्रँडमास्टर शशिकिरण तिथे विजेता ठरला. मोठे सोहळे आपल्याला जमतात. आता संयोजकांनी अमळनेर, शिरपूर, चाळीसगावला रविवारच्या छोट्या रेटिंग स्पर्धा नेमाने भरवाव्यात आणि बाहेरच्या दोन-चार तगड्या खेळाडूंना भाडं देऊन बोलवावं.