ठेव, अमानत आणि भाड्याची कोठडी

कळंबसारख्या तालुक्याच्या गावातले पिढीजात घर मोडून पुण्याला दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग आज अनेक कुटुंबांवर येतो. आणि तांब्याचे घंगाळ, शिसवी कपाट, आजीची लोखंडी पेटी अशा ज्या वस्तू नव्या जागेत मावत नाहीत व मोडीतही घालवत नाहीत, त्यांची तजवीज कशी लावावी या विवंचनेला शहरात हल्ली एक तयार उत्तर मिळू लागले आहे. महिन्याच्या भाड्याने एक कोठडी घ्यावी, तीत खोकी रचावीत, आपले कुलूप लावावे आणि निर्धास्त व्हावे. ही सोय त्याज्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु जी वस्तू आपण वापरीत नाही आणि सोडीतही नाही, तिच्यावरचे आपले स्वामित्व धर्माच्या कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न या सोयीच्या आड दडून राहतो आणि तो उघड करून पाहणे मला अगत्याचे वाटते.

परक्याच्या हाती सोपवलेल्या वस्तूचा विचार आपल्या धर्मशास्त्राने फार गांभीर्याने केला आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाला स्थान दिले. ठेव गिळंकृत करणारा आणि न ठेवलेली ठेव मागणारा, असे दोघेही त्याने चोराच्या पंक्तीला बसवले. याज्ञवल्क्याने तर आत काय आहे हे न सांगता पेटीत घालून दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या वस्तूचा स्वतंत्र उल्लेख करून तिला उपनिधी म्हटले आहे. ती राजाने नेली, दैवाने नष्ट झाली अथवा चोरांनी पळवली, तर सांभाळणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाही. पण त्याने स्वेच्छेने तिचा उपभोग घेतला, तर तो दंडालाही पात्र होतो आणि वृद्धीसह परतफेडीलाही. या स्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळी कल्याणीस, म्हणजे आपल्या उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडील आजच्या बसवकल्याणास लिहिली, हे मराठवाड्यातील वाचकाने आवर्जून ध्यानी ठेवावे. बंद पेटी सांभाळणाऱ्याला तिच्यातला ऐवज ठाऊक नसतो, तरीही तिच्याविषयीचे दायित्व त्याच्यावर असते, ही या शास्त्रविचारातली मला सर्वांत सूक्ष्म वाटणारी गोष्ट आहे.

हाच संस्कार घराघरांतल्या भांड्यांवर कोरलेला दिसतो. जुन्या पितळी डब्याच्या किंवा हंड्याच्या काठाखाली बारीक ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव बोटाला खरखरीत लागते. कुणाचे नाव, कुणाकडून भेट, कधी गावाचेही नाव. लग्नकार्याला शेजारी गेलेले पातेले आपल्या घरी परत यावे, म्हणून ही नावे घालून घेत. भांडे घराबाहेर जाणारच, दुसऱ्याच्या चुलीवर चढणारच, हे गृहीत धरूनच ते विकत घेतलेले असे.

निजामी अमलात वाढलेल्या आपल्या मुलखात ठेवीला अमानत हा शब्दही तितकाच घरचा होता, आणि त्यामागे इस्लामची तेवढीच कडक आज्ञा उभी आहे. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या करा, असा कुराणाचा आदेश आहे. आणि पैगंबरांनी मक्का सोडून मदिनेस प्रयाण केले, तेव्हा लोकांनी त्यांच्यापाशी ठेवलेल्या अमानती परत करण्यासाठी अलींना मागे ठेवले, असे त्यांची चरित्रे सांगतात. जिवावरचे संकट टाळण्यासाठी गाव सोडतानाही परक्यांच्या ठेवींची जबाबदारी मागे टाकून जाता येत नाही, हा त्या कथेचा गाभा आहे.

1947-48 साली आमच्या जिल्ह्याने गाव सोडण्याची ही वेळ दोनदा पाहिली. प्रथम रझाकारांच्या भयाने संस्थानच्या हद्दीतली कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे निघाली. पुढे सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर आपत्ती कोसळली, आणि तिची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक पीडित म्हणून जे जिल्हे नमूद केले, त्यांत आमच्या, तेव्हाच्या उस्मानाबादचे नाव आहे. बैलगाडीत मावेल तेवढेच घेऊन रातोरात निघणाऱ्या माणसाला मागे राहिलेल्या घराची किल्ली कुणाच्या तरी हाती द्यावी लागते, आणि तो हात पुष्कळदा ज्या जमातीचे भय वाटते तिच्यातल्याच एखाद्या शेजाऱ्याचा असतो. अशा वेळी त्या शेजाऱ्याजवळ ना दस्तऐवज असतो, ना जामीन, ना मुदतीची कबुली. निक्षेप आणि अमानत यांची खरी परीक्षा तिथे होते, आणि जिथे ती उतरली तिथे दोन्ही धर्मांचे वचन एकाच माणसाने पाळले, असे मी मानतो.

भाड्याच्या कोठडीत ठेव सांभाळणारा हा दुसरा माणूसच नाहीसा होतो. तिथे जागा भाड्याने मिळते. सामान कुणी पदरात घेत नाही, आणि जोखीम बहुतांशी मालकाच्याच माथी राहते. बँकेच्या लॉकरचा व्यवहारही याच जातीचा. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा नोकरांची अफरातफर यांपायी नुकसान झाले, तर बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट, अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेला 2022 पासून आकड्यांत बांधून द्यावी लागली. यात अन्याय काही नाही. पण सांभाळणाऱ्यावर धर्म उरला नाही, की ठेवणाऱ्यावरचाही सैल होतो. भावकीच्या माळ्यावर ठेवलेली पेटी दर दिवाळीला डोळ्यांत सलते, वहिनी एखाद्या वर्षी विचारतेच की, "भाऊजी, ती पेटी कधी नेताय?" कोठडी असे विचारीत नाही; भाडे पोहोचते आहे तोवर ती गप्प असते.

यावर कुणी म्हणेल की खरे उत्तर अपरिग्रहाचे आहे, आणि त्याचा आदर्शही आपल्याजवळच आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागरांनी सप्टेंबर 1955 मध्ये सल्लेखनेने देह ठेवला. पिंछी आणि कमंडलू यांपलीकडे ज्याचे काही नाही, अशा दिगंबर मुनीला बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न पडत नाही. त्या टेकडीपुढे माझे मस्तक नम्र होते. पण गृहस्थाला मुनीचा मापदंड लावणे जैन आचार्यांनाही मान्य नाही. श्रावकासाठी त्यांनी परिग्रहाचे परिमाण ठरवून घेण्याचे अणुव्रत सांगितले, आणि परिग्रहाचे मूळ वस्तूत न शोधता मूर्च्छेत, म्हणजे भान हरपवणाऱ्या आसक्तीत, शोधले. या कसोटीने पाहता बदलीच्या गावी घर मिळेपर्यंत चार महिने कोठडीत राहिलेला संसार निर्दोष ठरतो, आणि जिच्यात काय आहे याचाही विसर पडला तरी जिचे भाडे वर्षानुवर्षे चालू आहे, ती कोठडी मूर्च्छेचेच घर ठरते. तिथे भोगही नाही आणि त्यागही नाही.

गृहस्थांना हे अंतरी उमगलेले असते, याचा पुरावा देव्हाऱ्यात आहे. तुळजाभवानीचा आणि खंडोबाचा टाक कोठडीतल्या खोक्यात भरून ठेवणारे घर मी पाहिलेले नाही. कपाट, पलंग, हंडे सारे टेम्पोत चढते, टाक मात्र घरची कर्ती स्त्री वस्त्रात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेते. आणि नव्या जागी लगेच देव मांडता येणार नसतील, तर थोरल्या जावेच्या घरी रोजच्या पूजेला देऊन मगच निघते. देवांना कुणी तरी पाहणारे हवे, ही त्यामागची भावना आहे.

तेव्हा ज्यांना कोठडी घेणे भागच आहे, त्यांनी सामानाची फेरिस्त करताना प्रत्येक जिनसेपुढे ती परत आणण्याचा महिना लिहावा, आणि त्या महिन्यात ती आणली नाही तर ती कुणाच्या घरी जावी, ते नावही तिथेच लिहावे; पितळेच्या भांड्यावर ते नाव घालून घ्यायलाही हरकत नाही. ज्या जिनसेपुढे महिना सुचत नाही आणि नावही सुचत नाही, ती पुण्याच्या गाडीत चढवण्यापूर्वी कळंबातच कुणाला तरी वापरायला देऊन टाकावी.