ममत्वाची नीती : सी. एल. आर. जेम्स यांच्या स्मरणाच्या निमित्ताने

ज्याने आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांचा खेळ पाहण्यात आणि त्याविषयी लिहिण्यात घालवला, त्याच्या आयुष्याचे मोल कसे करावे? खेळाडूच्या नावावर धावा आणि बळी असतात, कार्यकर्त्याच्या नावावर लढे असतात. प्रेक्षकाला घडवणारे क्षण मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी कर्तृत्वाचे असतात. म्हणूनच खेळाच्या निस्सीम चाहत्याविषयी आपण कौतुकाने बोलत असलो तरी त्या कौतुकाच्या तळाशी थोडी कीव असते. या प्रश्नाची झळ साहित्याच्या अभ्यासकालाही लागते. कारण वाचक काय किंवा समीक्षक काय, तेही दुसऱ्याच्या निर्मितीच्या आधारानेच जगत असतात.

त्रिनिदादमध्ये 1901 साली जन्मलेले आणि 1989 साली लंडनमध्ये निवर्तलेले सी. एल. आर. जेम्स हे या दृष्टीने लक्षणीय उदाहरण आहे. हैतीमधील गुलामांच्या उठावाचा इतिहास सांगणारा ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ (1938) हा त्यांचा ग्रंथ सर्वपरिचित आहे. पण स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावायची वेळ आली तेव्हा हा मार्क्सवादी विचारवंत वळला तो क्रिकेटकडे. ‘बियाँड अ बाउंडरी’ (1963) हे पुस्तक आत्मचरित्र, सामाजिक इतिहास आणि सौंदर्यशास्त्र यांच्या सीमेवर उभे आहे. त्याच्या आरंभी ट्यूनापूना गावातील घराची एक खिडकी येते. खुर्चीवर उभे राहिले की सहा वर्षांच्या मुलाला त्या खिडकीतून समोरच्या मैदानावरचा खेळ दिसे. त्याच खुर्चीवरून खिडकीच्या कठड्यावर चढले की कपाटावर ठेवलेल्या पुस्तकांपर्यंत हात पोचे. खेळ आणि ग्रंथ या मुलाला एकाच खुर्चीवरून गवसले. पुढच्या साऱ्या आयुष्यात त्याने त्यांची फारकत होऊ दिली नाही.

जेम्स यांचा दावा असा की, क्रिकेट ही नाट्य, नृत्य यांच्या पंक्तीतली कला आहे. त्यासाठी ते बेरेन्सन या कलासमीक्षकाच्या स्पर्शमूल्यांच्या कल्पनेचा आधार घेतात. दावा मान्य होवो न होवो, भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक वेगळीच अडचण जाणवेल. अभिनवगुप्तांनी रसविघ्नांची जी चर्चा केली आहे, तीत आस्वाद्य विषयाकडे स्वगत किंवा परगत म्हणून पाहणे आणि स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे ही दोन विघ्ने येतात. सहृदयाचे मीपण गळून पडते, तेव्हाच साधारणीकरण घडते. चाहता तर याच्या नेमका उलट टोकाला असतो. ‘आपला’ संघ आणि ‘त्यांचा’ संघ या भेदावाचून त्याचा अनुभव उभाच राहत नाही. मग चाहता हा अपुरा रसिकच म्हणायचा काय? आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिकांमधील ताण तपशिलाने मांडला आहे. चाहत्याचा अनुभव निःसंशय लौकिक टोकाकडे झुकतो. प्रश्न असा की, तेथे ममत्वाच्या जोडीला न्याय नांदू शकतो का?

जेम्स यांच्या आयुष्यातील तीन प्रसंग येथे विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला त्यांच्या तरुणपणातला. त्रिनिदादमधील क्रिकेट क्लब वर्ण आणि वर्ग यांनुसार विभागलेले होते. क्वीन्स पार्क हा प्रामुख्याने श्रीमंत गोऱ्यांचा, मेपल हा उजळ कांतीच्या मध्यमवर्गीयांचा, शॅनन हा कृष्णवर्णीय कनिष्ठ मध्यमवर्गाचा. शॅननच्या खेळाडूंमध्ये लिअरी कॉन्स्टंटाइन होते. जेम्स स्वतः काळे होते, शॅननच्या खेळाचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. तरी शिक्षणाने मिळालेल्या प्रतिष्ठेच्या बळावर त्यांनी मेपलची निवड केली. या निवडीमुळे आपली राजकीय जाण कित्येक वर्षे मागे राहिली, अशी कबुली त्यांनी नंतर दिली आहे. क्लब निवडण्यासारख्या वरकरणी क्षुल्लक गोष्टीकडे एवढ्या गांभीर्याने पाहणे कोणाला अतिरेकी वाटेल. परंतु आपण कोणाच्या बाजूने उभे राहिलो याचा जाब माणूस स्वतःला केव्हा विचारतो? ते उभे राहणे त्याला खरोखर महत्त्वाचे वाटले असेल तेव्हाच. ज्याने कोणाचीच बाजू घेतली नाही, त्याच्याजवळ अशा आत्मपरीक्षणाची सामग्रीच नसते.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला. 1950 च्या सुमारास तेथील महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंनी लाच घेऊन सामन्यांत फेरफार केल्याचे उघडकीस आले. जेम्स यांच्या तरुण राजकीय सहकाऱ्यांना त्यात फारसे धक्कादायक काही वाटले नाही. जेम्स मात्र हादरले. शाळेत असताना वर्गात खोटे बोलताना त्यांना आणि त्यांच्या मित्रांना लाज वाटत नसे, पण मैदानावर पंचाचा निर्णय निमूटपणे स्वीकारणे हा त्यांच्या लेखी अनुल्लंघनीय नियम होता. ही नीती साम्राज्याने आपल्या शाळांमधून रुजवलेली होती, आणि त्याच साम्राज्याविरुद्ध जेम्स यांचा लढा होता. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी दाखवून दिली आहे, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे. पंचाचा निर्णय निमूटपणे स्वीकारणारा मुलगा गव्हर्नरचा हुकूमही निमूटपणे स्वीकारील, ही अपेक्षा त्या शिस्तीत गृहीत होती. जेम्स यांनी मात्र तो नियम टाकून दिला नाही. ज्यांनी तो शिकवला त्यांनाच त्यांनी तो लावून दाखवला.

तिसऱ्या प्रसंगात हेच घडते. वेस्ट इंडीजच्या संघात काळ्या खेळाडूंचे कर्तृत्व निर्विवाद असूनही कर्णधारपद प्रायः गोऱ्या किंवा उजळ वर्णाच्या खेळाडूंकडे जाई. जॉर्ज हेडली यांच्यासारख्या फलंदाजाला 1948 साली ते लाभले ते एका कसोटीपुरते. 1960 च्या आरंभी पोर्ट ऑफ स्पेन येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. जेम्स तेव्हा ‘द नेशन’ या पत्राचे संपादक होते. गर्दीच्या बेशिस्तीचे त्यांनी समर्थन केले नाही. पण केवळ धिक्कार करून ते थांबलेही नाहीत. नेतृत्वाच्या वाटपात आपल्यावर अन्याय होत आहे ही भावना त्यांना त्या क्षोभामागे दिसली. फ्रँक वॉरेल यांना कर्णधार करावे अशी मोहीम त्यांनी चालवली, आणि 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल यांची निवड झाली.

येथे विजयाची तुतारी फुंकून थांबणे सोपे आहे. परंतु ज्यांना हटवावे अशी ही मोहीम होती ते गेरी अलेक्झांडर त्याच दौऱ्यावर वॉरेल यांच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून खेळले आणि कसोटी मालिकेत साठहून अधिक सरासरीने धावा करून आपल्या संघाच्या फलंदाजांत अग्रस्थानी राहिले. व्यवस्थेवरचा आरोप रास्त असला तरी तो एका माणसाच्या अंगावर जाऊन आदळतो. न्यायाच्या बाजूने घेतलेला पक्षही कोणाला तरी इजा करतो, हे चाहत्याच्या नीतीतले न मिटणारे ऋण आहे. ते नाकारले की ममत्वाचे झुंडीत रूपांतर होते.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. मुंबईच्या धर्मवार सामन्यांत पळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवर हिंदू संघ विसंबून होता, परंतु अस्पृश्य जातीत जन्मल्यामुळे त्यांना कर्णधारपद नाकारले गेले. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना 1923 साली लाभले. विठ्ठल यांनी आपले क्रीडाजीवन मराठीतच लिहून ठेवले आहे. तरी मराठी आत्मचरित्राच्या चर्चेत त्या पुस्तकाचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या पदव्युत्तर वर्गात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मी वर्षानुवर्षे शिकवला. त्या यादीत हे पुस्तक कधी नव्हते. ते वगळण्याचा निर्णय मी कधी घेतला नाही, आणि नेमके तेच मला आता अधिक गैर वाटते. जेम्स यांना आपली मेपलची निवड निदान आठवत होती. आपण ज्याला ताटस्थ्य म्हणतो ते पुष्कळदा विस्मृतीत गेलेला पक्षपात असतो.

मग चाहता अपुरा रसिक आहे काय? मला वाटते, अभिनवगुप्तांचा सहृदय आणि जेम्स यांचा प्रेक्षक यांना एकाच मापाने मोजण्यात चूक आहे. सहृदय मीपण विसरून अनुभवाला व्यापक करतो. चाहता मीपण जागे ठेवतो, आणि म्हणूनच त्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. पहिल्याचे फळ आनंद. दुसऱ्याचे, हिशेब प्रामाणिक असेल तर, उत्तरदायित्व. दुसऱ्यांचा खेळ पाहण्यात गेलेल्या आयुष्याचे स्मरण करायचे ते या हिशेबाच्या वहीतून. जेम्स यांच्या वहीत हेडली, वॉरेल, कॉन्स्टंटाइन यांच्या खेळ्या आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मेपलचे नावही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.