हवेतला वायू, खडकातले खनिज

लहान मुलांना कार्बन-ग्रहणाचे तंत्र, म्हणजे हवेतील किंवा धुराड्यातील कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा काढून तो पुन्हा हवेत जाऊ न देण्याची रीत, समजावताना यंत्राच्या चित्राऐवजी चुन्याच्या निवळीपासून सुरुवात करणे अधिक योग्य ठरते. कारण नळीने निवळीत फुंकत राहिल्यावर ती दुधाळ होते आणि उच्छ्वासातला अदृश्य वायू कॅल्शियम कार्बोनेट या पांढऱ्या घन पदार्थात बांधला गेल्याचे मूल स्वतः पाहते. निवळी तोंडात जाऊ नये यासाठी मोठ्यांनी शेजारी थांबणे मात्र आवश्यक आहे.

आइसलँडमधील हेलिशेइदी येथे जवळपास हीच प्रक्रिया जमिनीखाली घडवली जाते. तेथे हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या, थरांत सोडला जातो आणि त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. सह्याद्रीचे कडेही बेसाल्टचेच आहेत, हे महाराष्ट्रातील मुलांना आवर्जून सांगावे.

तथापि हवेच्या दहा हजार रेणूंत या वायूचे जेमतेम चार असल्याने ते वेचण्यास पुष्कळ ऊर्जा लागते. हेलिशेइदी येथेच २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओर्का’ संयंत्राची घोषित क्षमता वर्षाला सुमारे ४,००० टन आहे, तर कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून जग दरवर्षी ३,५०० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. ही तफावत मुलांपासून लपवू नये. मुळात धूर कमी करणे हेच पहिले काम आहे, हे त्यांना याच धड्यात सांगितले पाहिजे.