दाराशी उभा असलेला अर्थी

नागपुरातील ज्या महाविद्यालयात मी अनेक वर्षे तत्त्वज्ञान शिकवीत होतो, तेथे कला शाखेच्या वाट्याला संगणकांची खोली आली तेव्हा तिच्या दारावर पहिली पाटी लागली ती पादत्राणे बाहेर काढण्याची. यंत्रांचे धुळीपासून रक्षण व्हावे हा तिचा हेतू उघडच होता. पण उंबरठ्याबाहेर ओळीने लागलेल्या चपला, आतला कूलरचा ओलसर गारवा, पांढऱ्या आच्छादनांखाली झाकलेली यंत्रे आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून दारात उभा असलेला सहायक, हे सारे एकत्र पाहिले की गाभाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नसे.

या खोलीचा कारभार प्राचार्यांनी माझ्यावर सोपवला. यंत्रे वीस, त्यांतली बिनतक्रार चालणारी सोळा-सतरा, आणि शाखेत नावे असलेले विद्यार्थी चारशेंच्या वर. खोली अकरा ते चार उघडी. अशा स्थितीत काही शिरस्ता घालून देणे प्राप्तच होते, आणि मी तो मोठ्या निष्ठेने घालून दिला: आधी पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी, त्यानंतर ज्यांच्यापाशी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आहे ते, आणि जागा उरल्यास बाकीचे. ज्याला यंत्र चालवता येत नाही तो ते बिघडवील, स्वतःचा वेळ दवडील आणि दुसऱ्याचा खोळंबा करील, हा माझा युक्तिवाद मला तेव्हा इतका निर्विवाद वाटला, की त्या कागदाखाली सही करताना हात क्षणभरही थांबला नाही.

श्रावणातल्या एका दुपारी कुही तालुक्यातून एसटीने येणारी प्रथम वर्षाची एक मुलगी दाराशी आली. शिष्यवृत्तीचा अर्ज यापुढे संगणकावरूनच भरायचा असा हुकूम निघाला होता. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून पिशवीच्या तोंडाला एकावर एक दोन गाठी मारल्या होत्या. त्या सोडवता सोडवता ती उभी होती. सहायकाने विचारले, “कॉम्प्युटर येते का?” ती म्हणाली, “येत नाही जी, म्हणूनच त आली.” त्याने भिंतीवरचा कागद दाखवला. तिने तो पहिल्या ओळीपासून माझ्या सहीपर्यंत वाचला, पिशवीला पुन्हा गाठी मारल्या, चपला पायांत सरकवल्या आणि ती पायऱ्या उतरून गेली. मी आत माझ्या टेबलाशी बसलो होतो. मी उठलो नाही.

तिचे ते वाक्य मात्र मला सोडीना. कारण ज्या प्रश्नावर मी वर्गात वर्षानुवर्षे बोलत आलो होतो, त्याचे उत्तर तिने पाच-सहा शब्दांत दिले होते आणि ते माझ्या नियमाच्या नेमके उलट होते. ‘अधिकार’ हा शब्द आज आपण सत्ता या अर्थाने वापरतो, आणि ‘अधिकारी’ म्हटले की किल्ली, शिक्का व सही बाळगणारा अंमलदार आपल्या डोळ्यांसमोर येतो. मीमांसकांचा अधिकारी याहून अगदी वेगळा आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसासूत्रांचा सबंध सहावा अध्याय अधिकाराच्या विचाराला वाहिलेला आहे, आणि तेथे अधिकारी म्हणजे कर्म करण्यास आणि त्याचे फळ मिळवण्यास जो पात्र ठरतो तो, म्हणजेच दाराबाहेरून आत येऊ पाहणारा मनुष्य. अंमल गाजवणाऱ्याचा तेथे विचारच नाही. विचार आहे तो मागणाऱ्याचा. शब्दाने इतक्या शतकांत उंबरठा ओलांडून बाजू बदलली, आणि आपल्याला त्याची दखलही नसावी, याचा मला विस्मय वाटतो.

हा अधिकार कशाने येतो? पहिली अट अर्थित्वाची, म्हणजे फळाची खरी इच्छा असण्याची. दुसरी सामर्थ्याची, म्हणजे ते कर्म पार पाडण्याच्या शक्तीची. आणि तिसरी अशी, की शास्त्राने त्या मनुष्याला स्पष्टपणे वगळलेले नसावे. या अटी लावताना जैमिनी जे प्रश्न घेतात ते एखाद्या संस्थेच्या कारभाऱ्याने जवळ बाळगावेत असे आहेत. यज्ञाला द्रव्य लागते. मग निर्धनाला अधिकार आहे की नाही? उत्तर असे, की आहे; दारिद्र्य ही काही मनुष्याची कायमची अवस्था नव्हे, आणि द्रव्य मिळवता येते. शरीरात व्यंग असलेल्याचे काय? व्यंग दूर होण्याजोगे असेल तर त्याचाही अधिकार जात नाही. स्त्रीला अधिकार आहे काय, याही प्रश्नावर प्रतिकूल मत मांडून झाल्यावर सिद्धान्त तिच्या बाजूने लागतो, मग तो पतीसह कर्म करण्यापुरता का असेना. या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी एकच विवेक आहे: जी असमर्थता दूर करता येते, ती अधिकाराच्या आड येत नाही.

आणि याच अध्यायात तो विवेक एका ठिकाणी अडखळतो. शूद्राच्या अधिकाराचा प्रश्न निघतो तेव्हा बादरी नावाच्या आचार्यांचे मत नोंदवले आहे की अधिकार सर्वांनाच आहे. परंतु ते मत मागे सारले जाते. वेदान्तसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरणात हीच वाट पुढे चालू राहते, आणि तेथील शांकरभाष्याचा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांना शिकवताना दर वर्षी थांबत असे: नुसत्या इच्छेने अधिकार येत नाही, सामर्थ्य हवे, शास्त्रीय सामर्थ्य वेदाध्ययनाने येते, वेदाध्ययन उपनयनानंतरच, आणि उपनयन त्याला विहित नाही. आचार्यांना न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की विदुर-धर्मव्याधांचे ज्ञान त्यांनी नाकारले नाही आणि इतिहास-पुराणांची वाट मोकळी ठेवली. तरीही ते वर्तुळ वर्तुळच राहते. ज्याला शिकू दिले नाही त्याला येत नाही, आणि येत नाही म्हणून त्याला शिकू द्यायचे नाही.

हे वर्तुळ मी फळ्यावर खडूने काढून दाखवत असे. त्याच हाताने भिंतीवरच्या कागदावर सही केली होती.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. नागपूर विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923 ची. सहा महाविद्यालये आणि 927 विद्यार्थी घेऊन, सर बिपिनकृष्ण बोस यांच्या कुलगुरुपदाखाली ते सुरू झाले. नेमक्या त्याच दिवशी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर करण्याची अस्पृश्य वर्गांना मुभा असावी. तो ठराव मुंबई इलाख्याचा होता, नागपूरच्या प्रांताला लागू नव्हता, हे खरे. पण विद्येचा सार्वजनिक पाणवठा आणि पाण्याचा सार्वजनिक पाणवठा यांची जन्मतिथी एक आहे, हे माझ्या मनातून जात नाही.

त्या ठरावाचे पुढे काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे कागदावर मान्य केले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. आणि त्यानंतर काही महिन्यांतच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मला या प्रकरणातली सर्वांत बोधप्रद बाब वाटते ती दिवाणी दाव्याची. तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट पुरातन आहे, असे सनातनी पक्षाने न्यायालयात मांडले. जे पाणी इतर धर्मांचे लोक भरत आणि जनावरेही पीत, त्याची मालकी आठवली ती एका विशिष्ट माणसाने ओंजळ पुढे केल्यावर! मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी तो दावा अखेर फेटाळला. सार्वजनिक वस्तूवर खासगी कब्जा बहुधा असाच बसतो. कोणी ती उचलून घरी नेत नाही, फक्त कोणी आत यावे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे असे तो दारातला मनुष्य मानू लागतो.

मग कारभाऱ्याने नियमच करू नयेत काय? वीस यंत्रांसमोर चारशे माणसे एकाच वेळी बसू शकत नाहीत, आणि नियम नसला तर दांडगे बसतात व संकोची उभे राहतात. या अडचणीचे उत्तर मला ग्रंथांत मिळाले नाही. ते आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात मिळाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधले गेलेले मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारांच्या काळी तलावाची मालकी त्यांची असे, पण पाणी, चराई, सरपण यांवर गावकऱ्यांचा जो वापराचा हक्क, त्याला ‘निस्तार’ म्हणत. गावाचा रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहिला जाई आणि पुढे निस्तारपत्रके तयार झाली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, परंतु निस्तार हा शब्द आणि त्यामागची धारणा राहिली. धानाच्या बांधीत पाणी सोडताना आधी कोण, मग कोण, हे ठरलेले असते. वरच्या बांधीवाल्याला आधी मिळते, खालच्याला नंतर, दुष्काळी वर्षी सर्वांनाच कमी. क्रम कडक असतो. पण ज्याचे शेत पाटाखाली आहे, त्याला शेती नीट येते की नाही याची परीक्षा घेऊन कोणी पाणी सोडत नाही.

पाण्याची पाळी आणि माणसाची पात्रता या दोन गोष्टी मी एक समजलो होतो, हे त्यावरून माझ्या ध्यानात आले. पाळी लावताना तू नंतर ये असे सांगितले जाते, आणि त्या सांगण्यातच तुझे येणे गृहीत असते. पात्रतेची अट घातली की कोणी यावे याचाच निवाडा दारात होतो. पाळीमुळे कोणाचे नुकसान होत नाही असे मात्र नाही. उद्या प्रबंध सादर करायचा असलेला विद्यार्थी आणि आज पहिल्यांदा कळफलकाला हात लावणारी मुलगी एकाच यंत्रासाठी उभी असतील, तर एकाला थांबावे लागतेच, आणि कोणाला थांबवावे हे मला आजही दर खेपेला निश्चित सांगता येणार नाही. निकड पाहावी, मुदत पाहावी, पूर्वी किती वेळ मिळाला ते पाहावे. फक्त ‘येत नाही’ हे कारण तेथे चालू नये. कारण विद्येच्या घरात ‘येत नाही’ हीच आत येण्याची अर्थिता आहे, आणि सामर्थ्य पुरवणे हे त्या घराचे काम आहे.

आपल्या विद्यापीठाला 2005 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले गेले. यावलीच्या या संताचे शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांच्या पलीकडे गेले नव्हते. माझ्या त्या कागदाप्रमाणे पाहिले असते, तर त्यांनाही जागा उरल्यास आत घेतले असते.

तो कागद मी काढला. खिडकीजवळच्या रांगेतील चार यंत्रे ज्यांनी कधी संगणक हाताळला नाही त्यांच्यासाठी राखली, पदव्युत्तर वर्गातील दोघे विद्यार्थी रोज तासभर त्यांच्याशेजारी बसतील अशी तजवीज केली, आणि बाकीच्या यंत्रांवर नोंदवहीतील नावाच्या क्रमाने प्रत्येकी पाऊण तास ठरवला. पहिल्या महिन्यात दोन कळफलक आणि एक माऊस बिघडला. त्यांचा खर्च किरकोळ खात्यातून भागला. कुहीची ती मुलगी सहायकाच्या निरोपावरून पुन्हा आली, पण तोवर अर्जाची मुदत संपून नऊ दिवस झाले होते, आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही.