गुणवत्तेचे ऋण

आमच्या नल्लकुंट्यातील मराठी घरांतूनही आता अमेरिकेतील छोट्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयांची चर्चा होते. हार्वर्ड केवळ गरज पाहून साहाय्य देते. ओबर्लिनसारखी महाविद्यालये गुणवत्तेसाठीही शुल्कसवलत देतात. मग ऐपत असलेल्याने ती घ्यावी काय? आम्हांस वाटते, अवश्य घ्यावी. परंतु तिला निव्वळ स्वकष्टार्जित मानू नये. गुणपत्रिकेत विद्यार्थ्याच्या श्रमांबरोबरच घरातील पुस्तके, शिकवणीचे पैसे आणि निश्चिंत झोपही जमा असते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर बडोदे संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. आजच्या सवलतीला सहसा असा करार नसतो. म्हणूनच तो ज्याचा त्याने आपल्या मनाशी करावयाचा असतो.